बर्गरवाल्या गिरिजाक्का

गिरिजाक्का बर्गर आधी ऐकायच्या आणि मग खायच्या.

दुकानात शिरल्या की त्या टेबलाकडे वळायच्याच नाहीत. पदर खांद्यावरून नीट पुढे घेऊन सरळ तव्यापाशी जायच्या आणि डावा कान किंचित पुढे करून उभ्या राहायच्या. खिम्याचा गोळा तव्यावर पडून वरून लोखंडी ठोकळ्याने दाबला गेला, की 'चुर्र' व्हायला हवं. 'चुस्स' झालं, तर तवा तापलेला नाही. म्हैसूरच्या गोकुळम भागातल्या एका दुकानात मोठ्याने इंग्रजी गाणी चालू होती. अक्कांनी काउंटरवरच्या दाढीवाल्याला बोटाने जवळ बोलावलं आणि कन्नडमधून सांगितलं, "बाबा, ते गाणं जरा बंद कर. मला बर्गर ऐकू येत नाही."

तो इतका गडबडला की त्याने खरंच गाणं बंद केलं. योगासनं शिकायला आलेले चार परदेशी लोक हातातले घास हातात धरून बघत राहिले. त्या गाढ शांततेत तव्याने 'चुस्स' केलं. अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल. दुसरीकडे जाऊ."

मी तेव्हा म्हैसुरात नवीन होते. हेब्बाळला एका कंपनीत नोकरी लागली होती आणि मी अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीत खोली शोधत हिंडत होते. कन्नडचा गंध नव्हता. एका दाराची कडी वाजवली, तर आतून आवाज आला, "कोण ते? थांब की, आले!" सातारा सोडल्यापासून कानावर मराठी पडलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. नंतर कळलं, की अक्कांच्या समाजाचे पूर्वज कापड रंगवायला नि छापायला पिढ्यांपूर्वी इकडे आले. रंगकाम केव्हाच सुटलं. घरात बोलायला मराठी तेवढं राहिलं, तेही निम्मं कन्नडात भिजलेलं.

अक्कांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. त्यांचं वय पासष्टीच्या पुढे, उंची बेताची, नाकात चमकी. पहिलाच प्रश्न, "मांस खातेस?"

खोली हातची जाईल या भीतीने मी ठासून सांगितलं, "छे छे, अजिबात नाही."

अक्कांचा चेहरा पडला. "अय्यो. मग काय उपयोग?"

"म्हणजे... कधीमधी खाते."

"कधीमधी म्हणजे?"

"रोज दिलं तरी खाईन."

"गाडी आहे?"

"जुनी स्कूटर आहे."

"वरची खोली तुझी," अक्का म्हणाल्या आणि कॉफी टाकायला आत गेल्या. भाडं किती, हे दोघींनाही आठवलं नाही. ते दुसऱ्या दिवशी ठरलं.

माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. मी साताऱ्याची, म्हणून मी 'सातारा'. शनिवारी उन्हं कलली की जिन्याखालून हाक यायची, "ए सातारा, गाडी काढ की!" मग अक्का मागे एका बाजूला पाय सोडून बसायच्या. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत ओला पंचा. "कागदाने कुणी हात पुसतं का? कागद वाचायला असतो," असं त्यांचं म्हणणं. आणि आम्ही म्हैसुरातला सगळ्यांत चांगला चपटा बर्गर शोधायला निघायचो. त्याला स्मॅश बर्गर म्हणतात, हे अक्कांना माहीत होतं, पण त्या म्हणायच्या, "स्मॅश म्हणजे काय? दाबलेला. दाबलेला म्हणावं."

मी चवीच्या बाबतीत मुलखाची आळशी. मला कुठलेही दोन बर्गर सारखेच लागायचे. पण अक्कांची परीक्षा कडक. ऐकून झालं की बघणं. वरचा पाव उचलून त्या खिम्याच्या वडीकडे पाहायच्या. कडा घावनासारख्या जाळीदार हव्यात आणि रंग काताचा. तांबूस, गडद, पण काळा नाही. लहानपणी वडिलांच्या रंगाच्या हंड्याभोवती वाढलेल्या होत्या त्या. मनासारखं नसलं, की पाव परत ठेवून एकच वाक्य, "रंग धरला नाही." म्हणून खायचं सोडायच्या असं मात्र नाही. पूर्ण खायच्या, बोटं पुसायच्या आणि दुकानदाराला आशीर्वाद दिल्यासारखं सांगायच्या, "पुढच्या वेळी धरेल."

कुवेंपुनगरातल्या एका दुकानात बर्गर आला तो वीतभर उंच, वर काडी खोचलेली. अक्कांनी काडी उपटली. "झेंडा कशाला रोवलाय याच्यावर?" आणि मी हां-हां म्हणेपर्यंत तळहाताने सगळा मनोरा खाली दाबला. आतला सॉस पिचकारीसारखा उडाला तो शेजारच्या टेबलावरच्या एका कॉलेजकुमाराच्या पांढऱ्या शर्टावर. मी माफी मागायला शब्द शोधत होते, तोवर अक्का त्याचा शर्ट ओल्या पंच्याने टिपत होत्या. "घासू नको, सुम्ने टिप, नुसतं टिप. घासलं की डाग आत जातो." दहा मिनिटांनी त्या त्याच टेबलावर बसून त्या पोरापोरींच्या ताटांतले बटाटे खात होत्या आणि कुणाचं कुणाशी लग्न जमायची शक्यता आहे ते सांगत होत्या. एक अंदाज बरोबर निघाला असावा, कारण एक मुलगी लाल झाली.

आणखी एका ठिकाणी खाण्यासाठी काळे प्लास्टिकचे हातमोजे दिले. अक्कांनी ते घातले, दोन्ही हात वर धरले आणि म्हणाल्या, "पेशंट कुठाय?" जाताना मोजे धुऊन घरी नेले. पुढे कितीतरी दिवस त्या तेच घालून फणस चिरत होत्या.

मी एकदा विचारलं होतं, "अक्का, तुमच्या हाताला एवढी चव आहे. तवा आहे, खिमा मिळतो. घरीच करू ना."

"बेडा," त्या एकदम म्हणाल्या. बेडा म्हणजे नको. एरवी या शब्दापुढे त्यांचं बरंच काही असायचं. त्या दिवशी नव्हतं. मीही मग विषय वाढवला नाही.

पावसाळा सरता सरता एका दुपारी त्यांची नणंद आली. कमलाक्का. दोन गल्ल्या सोडून राहायच्या, पण यायच्या त्या काही सांगायचं असलं तरच. मी सुट्टीवर होते, खाली कॉफी पीत बसले होते. कमलाक्कांनी मला पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"गिरिजा, काल देवळात चार बायका विचारत होत्या. म्हणतात, तुझी वहिनी हॉटेलांतून हिंडते. पोरांच्यात बसून खाते. मी काय सांगू?"

"हो म्हणून सांगायचं."

"भाऊ जाऊन दोन वर्षं नाही झाली. लोक हसतात गं."

अक्का काहीतरी सणसणीत बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी फक्त कमलाक्कांच्या पेल्यात आणखी कॉफी ओतली. कमलाक्का कॉफी पिऊन निघून गेल्या. अक्का रिकामा पेला हातात घेऊन तशाच बसल्या.

"हसतात तर हसू दे," मी म्हटलं.

"तसं नव्हे गं," त्या म्हणाल्या. "हे वाक्य माझं आहे."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं.

त्यांचे यजमान व्यंकोबाराव कारखान्यात हिशेबनीस होते. निवृत्त झाले, मग हृदयाचं दुखणं निघालं. अक्कांनी मीठ तोडलं, तेल तोडलं, रविवारचं मटण बंद केलं. राव बिचारे नाचणीची आंबील पीत मोबाइलवर बर्गर करायचे व्हिडिओ बघत बसायचे. कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून आवाज मोठा. सगळ्या घरभर 'चुर्र, चुर्र'. अक्का स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "बंद करा ते! डोकं उठलं!" मग राव आवाज कमी करायचे. कमी केला की त्यांना स्वतःला ऐकू यायचं नाही. नुसतं बघत बसायचे.

"एकदा म्हणाले, गिरिजा, गोकुळमला हे मिळतं म्हणे. एकदा जाऊन बघू की. दोघांत एक घेऊ." अक्का पेल्याच्या काठावरून बोट फिरवत होत्या. "मी म्हटलं, वय काय आपलं? पोरांच्यात जाऊन बसायचं? लोक हसतील. मग मला वाईट वाटलं. घरीच केला. बिनमिठाचा, जाड, वड्यासारखा. पावात घालून दिला. त्यांनी सगळा खाल्ला. छान झालाय म्हणाले." त्यांनी पेला खाली ठेवला. "छान कसला, दगड झाला होता. आमचे राव कधी वाईट म्हणालेच नाहीत कशाला. तोच घोळ की."

त्यानंतरचे दोन शनिवार जिन्याखालून हाक आली नाही. मीच खाली जाऊन विचारायचे, तर "गुडघा दुखतोय" किंवा "साकु, पुरे झालं ते" असं उत्तर. गुडघा धडधाकट होता. संध्याकाळी त्या दारात बसून रस्त्याने जाणाऱ्यांकडे बघायच्या, आणि कमलाक्का समोरून गेल्या तर मुद्दाम आत जायच्या. घर एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्या शनिवारी मी केस विंचरत होते, तोच खालून आवाज आला, "ए सातारा, झोपलीस काय? येलवाल लांब आहे!"

येलवालच्या अलीकडे, हुणसूर रस्त्याच्या कडेला, एक नवरा-बायको व्हॅन उभी करून बर्गर करतात, असं अक्कांना त्या शर्टवाल्या कॉलेजकुमाराने सांगितलं होतं. चिंचेच्या झाडाखाली पाच-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. नवरा खिमा दाबत होता, बायको पाव भाजत होती आणि दोघं अखंड भांडत होती. "पाव करपला." "तुझं लक्ष कुठाय?" "तुझ्याकडेच आहे, तेच चुकतंय."

अक्का तव्यापाशी उभ्या राहिल्या. गोळा पडला, ठोकळा दाबला गेला. भांडणाच्या वरताण 'चुर्र' झालं. अक्का खुर्चीवर येऊन बसल्या. बर्गर आला. त्यांनी पाव उचलून पाहिला नाही. सरळ घास घेतला. मग दुसरा. मी माझा खायचं विसरून त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी शेवटचा घास संपवला, पंच्याने बोटं पुसली आणि व्हॅनकडे बघून म्हणाल्या, "चेन्नागिदे." छान आहे. इतक्या महिन्यांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. व्हॅनमधली बायको भांडण थांबवून हसली.

मला इतका आनंद झाला की मी आणखी एक मागवला. "अक्का, सापडला! आज राव असते तर..." आणि जीभ चावली.

अक्का माझ्याकडे वळल्या. मग त्यांच्या ओठांचे कोपरे हलले.

"त्यांना नसता आवडला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"यात कांदा कच्चा आहे. कच्चा कांदा त्यांना जन्मात चालला नाही. एक घास खाल्ला असता, छान आहे म्हणाले असते आणि बशी हळूच माझ्याकडे सरकवली असती." अक्का हसायला लागल्या. आधी नाकातल्या नाकात, मग अंग गदगदून. "नुसतं ऐकायलाच आवडायचं गं त्यांना. खाणं कुठलं! आणि मी तेवढंसुद्धा बंद करायला लावत होते."

हसता हसता त्यांनी पंचा डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. दुसरा बर्गर आला, तो मी त्यांच्यासमोर ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी पंचा खाली घेतला, बर्गरचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातात दिला.

आता मी पुण्यात असते. इथे दाबलेला बर्गर गल्लोगल्ली मिळतो. खाते, पण कोणी माझ्या टेबलावर ओला पंचा ठेवत नाही. म्हैसूर आठवलं की राजवाडा नाही, ते चिंचेचं झाड आठवतं.

त्या संध्याकाळी उन्हं गेली, रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे लागले. नवरा-बायको आवरायला लागली होती. आता तवा घासण्यावरून भांडण चाललं होतं आणि अक्का कान देऊन ते ऐकत होत्या.

"निघू या का?" मी विचारलं. "घरी जायला उशीर होईल."

अक्कांनी मान वळवली नाही.

"बस की स्वल्प," त्या म्हणाल्या. "घरी कोण भांडतंय?"

मी बसले. बाईने एकेक करून बाकीच्या खुर्च्या गोळा केल्या, एकमेकींत घातल्या. आमच्या दोन मात्र तिने राहू दिल्या.