विजयाचे बांधून ठेवलेले पान

जर्मन मुलखातल्या आमच्या शहरात धर्मयुद्ध सुरळीत चालावे म्हणून नगरसभेने फाइट होल्त्साप्फेल या मुद्रकाला साप्ताहिक वार्तापत्राचा परवाना दिला होता. छपाईच्या अक्षरांचे खिळे मोजकेच, म्हणून विजयाचे पान एकदाच जुळवून दोऱ्याने बांधून ठेवलेले असे.

‘ईश्वरकृपेने ………… येथे खऱ्या धर्माच्या फौजेचा दणदणीत विजय. शत्रू पळाला.’

दर शनिवारी फक्त गाव बदलायचे. आधी विजय दूर बोहेमियात झाला. मग नदीच्या अलीकडे. मग टेकडीमागच्या खेड्यात.

“अहो, हे विजय इकडेच चालत येताहेत!” फाइटची बायको ओटिलिये म्हणाली. “माझी बहीण झाबिने वेशीबाहेर पाणचक्कीवर एकटी आहे. तिला आत आणू या.”

“चिटणिसांना विचार. मी नुसता छापतो.”

नगरसभेचे चिटणीस शांतपणे म्हणाले, “बाई, शत्रू पळाला हे तुमच्याच घरात छापलंय. आता बहिणीसाठी वेस उघडली, तर लोकांना कागद खोटा वाटेल.”

“खोटाच आहे तो!”

“म्हणून तर वेस बंद ठेवायची.”

ओटिलिये घरी आली. “निदान एक चिठ्ठी छापा. ‘पळा’ एवढंच. छापलेलंच तिला खरं वाटतं.”

“खिळे कुठायत? सगळे विजयात अडकलेत.”

“मग सोडवा ते पान!”

“मंजूर मजकूर आहे गं. सोडवला तर फासावर जाईन.”

शनिवारी पाणचक्कीकडून धूर निघाला. अंकात होते: ‘ईश्वरकृपेने पाणचक्की येथे…’ आम्ही तटावर चढून विजयाचा धूर पाहिला. टाळ्याही वाजवल्या.

सोमवारी शत्रू शहरात शिरला.

त्यांचा सरदार छापखान्यात येऊन पान वाचू लागला. फाइट घाईने दोऱ्याला हात घालत म्हणाला, “सोडवतो, सरकार, आत्ता सोडवतो!”

“वेडा आहेस का? धर्म खरा, फौज विजयी, शत्रू पळालेला. यात चूक काय आहे? गाव घाल.”

ओटिलिये पुढे झाली. “साहेब, पाणचक्कीवर माझी बहीण होती.”

सरदाराने शनिवारचा अंक उचलून तिच्या हातात दिला. “आपलंच पत्र वाचत नाही का, बाई? तिथं विजय झाला.”

आमच्या शहराचे नाव घातलेला नवा अंक हातोहात खपला. आपल्याच शहरात विजय झाल्याचे वाचून आम्हाला फार बरे वाटले.

पान अजून बांधलेलेच आहे. वाचकांनी आपल्या गावाचे नाव सुवाच्य अक्षरांत भरावे: …………