संशयित कांदे

बायकोच्या माघारी चिंतामणरावांनी इंदिरानगरच्या घरामागची सावलीतली बाग आवरायला घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी एक रिकामी कुंडी उपसली आणि आत सापडलेला कांदा स्वयंपाकघरातल्या गोणीत टाकला.

आठवड्यानं लेक आली. तेजश्री मागच्या दारी गेली आणि तशीच परतली.

"बाबा, आईचं मे फ्लॉवर कुठंय?"

"रिकामी होती ती कुंडी. आत नुसता कांदा."

"कंद असतो तो! थंडीत पानं झडतात, उन्हाळा लागला की लाल चेंडूसारखं फूल येतं. आई गेल्यावरचं पहिलं फूल येणार होतं ते."

"तेजू, माझं लहानपण कांद्याच्या चाळीत गेलंय. डोळे मिटून ओळखतो मी कांदा."

"मग ओळखा." तिनं गोणी फरशीवर पालथी केली. "आणि नीट ओळखा. विषारी असतो तो कंद."

चिंतामणरावांनी डोळे उघडे ठेवून दुपार घालवली, तरी ओळख पटेना. वास घेऊन पाहिला. पण गोणीत आठवडाभर राहिल्यावर माणसालाही कांद्याचाच वास आला असता. अखेर संशय सगळ्यांवरच आला.

"कांद्याबिगर पोहे?" स्वयंपाकाच्या रंगूबाई कढईकडे बघत म्हणाल्या. "चातुर्मास लय लवकर बसला, बाबा!"

सगळे कांदे कुंड्यांत, डब्यांत, फुटक्या बादलीत लावले गेले. पायरीजवळची एक कुंडी तेवढी राहिली.

"हिच्यात का नको?" तेजश्रीनं विचारलं.

"तिथं चहाचा चोथा टाकतो मी. दुसरीकडे टाकला की तुझी आई ओरडायची."

"आता कोण ओरडणार आहे, बाबा?"

चोथा तिथंच पडत राहिला.

हळूहळू एकेकाला पात फुटली, एकेक संशयित निर्दोष सुटला, आणि दर सुटकेला पातीची भाजी झाली. शेवटचाही सुटला तेव्हा चिंतामणराव जेवले नाहीत. "मग फुलाचं मी केलं काय गं?" त्यांनी लेकीला फोनवर विचारलं.

तेजश्री त्यांना आठवडाभर मनमाडला आत्याकडे घेऊन गेली. परतल्यावर सकाळी चहा गाळून ते पायरीशी गेले आणि थबकले.

"तेजू, चोथा कुठं टाकू?"

"रोजच्या जागी."

"जागा नाही."

ती बाहेर आली. वाळक्या चोथ्यातून एक जाड देठ वर आला होता आणि त्यावर लालभडक चेंडू उमलला होता. तिनं वाकून देठ निरखला.

"म्हणजे तुम्ही उपटलात तो कांदाच होता. आईनंच खोचला असेल, पातीसाठी."

आपलं खरं ठरल्याचा आनंद चिंतामणरावांच्या चेहऱ्यावर दिसेना. ठिबकती गाळणी धरून ते उभेच.

"ते असू दे," ते म्हणाले. "पण हे फुलल्यावर चोथा कुठं टाकायचा, ते तिनं सांगितलंच नाही."