गट क्रमांक सात आणि प्रांजलीचा असहकार

भावी शिक्षकाने सहकार्य शिकले पाहिजे, असे आमच्या बी.एड.च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी, पान एकोणचाळीसवर छापलेले आहे. पहिल्या वर्षी त्याची सक्ती नाही. दुसऱ्या वर्षी मात्र सहकार्याला पंचवीस गुण असून त्यात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणून भिलाईतल्या आमच्या महाविद्यालयात दरवर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सर्वांना सहकार्याची गरज भासते.

कमलिनी मॅडमनी चौघाचौघांचे गट पाडले. गट क्रमांक सातमध्ये अभिनव, रश्मी, प्रांजली आणि मी, म्हणजे नरहरी, असे चौघे आलो. चौघांच्याही घरी मराठी बोलतात, तेव्हा मतभेदाला जागाच राहणार नाही, असे मॅडमना वाटले. मॅडम स्वतः नागपूरच्या आहेत. तरीही त्यांना असे वाटावे, यावरून त्यांचा स्वभाव किती आशावादी आहे ते कळते.

प्रकल्पाचा विषय होता 'गटकार्यातून सहकार्यभावनेचा विकास'. खुर्सीपारच्या एका प्राथमिक शाळेत सहा आठवडे जायचे, चौथीच्या मुलांना गट करून वाचायला शिकवायचे, मुले एकमेकांना कशी मदत करतात ते पाहायचे आणि त्यावर अठ्ठेचाळीस पानांचा अहवाल लिहायचा.

पहिली बैठक कॅन्टीनमध्ये झाली. कामाची वाटणी अत्यंत लोकशाही पद्धतीने पार पडली. अभिनवने नेतृत्व घेतले. रश्मीने समन्वय घेतला. वैचारिक दिशा द्यायला कोणी पुढे येत नव्हते, म्हणून ती जबाबदारी मी पत्करली. प्रांजलीच्या वाट्याला उर्वरित काम आले.

"उर्वरित म्हणजे काय काय?" तिने विचारले.

"जे राहीन ते," अभिनव म्हणाला. "तू टेन्शन नको घेऊ ना यार. आमी हाओत ना."

प्रांजलीला टेन्शन घ्यायची सवयच होती. ती भिलाई-३ ची. तिचे वडील रेल्वेत कीमन होते. रूळ तपासत चालून चालून गुडघे गेले आणि आता ते घरी बसून असतात. उतईच्या एका खासगी शाळेने तिच्यासाठी जुलैपर्यंत एक जागा राखून ठेवली होती. अट एवढीच, की बी.एड. याच वर्षी पास व्हायचे. हे तिने पहिल्याच बैठकीत सांगितले आणि फेल होणे आपल्याला अजिबात जमणार नाही, असे म्हणाली. आम्ही तिघांनी लगेच सांगितले की आम्हालाही जमणार नाही. गटाचे इतके पक्के एकमत पुढे क्वचितच झाले. मी ते इतिवृत्तात नोंदवले.

अहवालाला बैठकांचे इतिवृत्त जोडणे बंधनकारक होते, त्यामुळे बैठका घेणे आले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, अशा एकूण अकरा बैठका आम्ही घेतल्या. सहकार्यात कोणत्या अडचणी येतात, यावर तिघांनी खोलवर चर्चा केली. मुख्य अडचण अशी आढळली की प्रांजली बैठकांना येत नाही. सकाळी अकराला ती खुर्सीपारच्या शाळेत असे. समन्वयक या नात्याने रश्मीने तिला दोनदा लेखी समज दिली. त्यावर तिने खुलासा केला नाही. अठ्ठावीस मुलांपैकी एकोणीस जणांना आता सलग ओळ वाचता येते, एवढेच मोबाईलवर कळवले. ते विषयाला धरून नव्हते.

शाळेत आम्हीही गेलो, नाही असे नाही. परिशिष्टात आठ छायाचित्रे लावायची होती, त्या दिवशी गेलो. अभिनव मुलांमध्ये मांडी घालून बसला, रश्मीने एका मुलीचा हात धरून फळ्यावर अक्षर गिरवले, मी खिडकीपाशी उभा राहून विचार करीत असल्याचा फोटो काढून घेतला. फोटो प्रांजलीने काढले, कारण मुले तिचेच ऐकत होती आणि 'इकडे पाहा' म्हटल्यावर तिच्याकडेच पाहत होती. हे लोक कोणत्या ऑफिसातून तपासणीला आले आहेत, असे एका मुलीने तिला हिंदीत विचारले. हे माझे साथीदार आहेत, असे प्रांजलीने सांगितले. मुलगी बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिली.

जानेवारीच्या शेवटी प्रांजलीने अठ्ठेचाळीस पानांचा अहवाल लिहून मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी तो उघडला, चार पाने उलटली आणि मिटून परत केला. नियम चारप्रमाणे अहवालात प्रत्येक सदस्याचे हस्ताक्षर असणे आवश्यक होते, आणि एकाच हस्ताक्षरातला अहवाल हा असहकाराचा पुरावा मानण्यात येणार होता. अहवालात काय लिहिले आहे, याबद्दल नियम चारमध्ये काही नव्हते. मॅडमनी पाच दिवसांची मुदत दिली.

प्रांजली कॅन्टीनमध्ये आली तेव्हा आमची नववी बैठक चालू होती.

"बारा बारा पानं वाट्याले येतात," ती म्हणाली. "मजकूर तयार हाये, फक्त उतरवाचा हाये. आता तरी लिहा."

अडचण कोणाला नसते? अभिनवचे मनगट क्रिकेटमध्ये दुखावलेले होते. रश्मीच्या वहिनीचे दुर्गला डोहाळजेवण होते आणि ते पाचही दिवस चालणार असल्याचे तिने सांगितले. माझे अक्षर वाईट आहे. माझ्यामुळे गटाचा दर्जा खाली यावा, हे माझ्या मनाला पटेना, आणि तसे मी स्पष्ट बोललो. माणसाने गटात मोकळेपणाने बोलावे, असे पान एकोणचाळीसवरच म्हटले आहे.

प्रांजलीने वहीतले एक पान फाडून आमच्यापुढे ठेवले.

"एक एक ओळ तरी लिहून द्या. अक्षर पाहते मी तुमचं."

येथे मात्र गटाने पूर्ण सहकार्य केले. प्रत्येकाने एक ओळ लिहून दिली. मी दोन दिल्या.

पुढचे चार दिवस ती घरी बसून आमची अक्षरे गिरवीत होती, असे नंतर कळले. अभिनवचे अक्षर मोठे आणि ऐसपैस आहे, रश्मीचे गोल गोल. माझे डावीकडे कलते, म्हणून माझा भाग तिने डाव्या हाताने लिहिला. पकडले जाण्याची भीती होती, तेव्हा तिने आमची पाने आधी आणि फार जपून लिहिली, प्रत्येकाची चौदा. स्वतःच्या अक्षरात लिहायला शेवटची सहाच पाने उरली. पाचव्या दिवशी फाइल वेळेत जमा झाली. ती पाहून मला फार समाधान वाटले. माझी चौदा पाने विशेष चांगली उतरली होती.

तोंडी परीक्षेआधी प्रत्येकाने बाकीच्या तिघांना गुण द्यायचे असतात. सर्वांना सारखे गुण दिल्यास प्रपत्र रद्द होते, कोणीतरी एक खाली यावाच लागतो. आम्ही व्यक्तीकडे पाहिले नाही, नोंदी पाहिल्या. अकरापैकी नऊ बैठकांना गैरहजर कोण, ते इतिवृत्तात माझ्याच हातचे लिहिलेले होते. लेखी पुराव्यापुढे मैत्री आड येऊ देणे बरोबर नाही.

तोंडी परीक्षेत मॅडमनी अभिनवला विचारले, की मुलांचे गट कोणत्या निकषावर केले. अभिनवने कपाळाला हात लावला. प्रांजलीने उत्तर दिले. मग रश्मीला विचारले, मागे राहिलेल्या नऊ मुलांचे काय केले. तेही प्रांजलीने सांगितले, नऊही मुलांच्या नावांसकट. माझ्या वाट्याचा प्रश्न मॅडमनी विचारून पुरा केला नाही तोच ती बोलू लागली. मॅडमनी कागदावर नोंद केली: इतरांना बोलू देत नाही.

नंतर त्यांनी फाइल घेतली आणि अक्षराप्रमाणे पाने मोजली. चौदा, चौदा, चौदा, सहा. छायाचित्रे पाहिली. आठांपैकी एकातही प्रांजली नव्हती. बैठकांची हजेरी पाहिली, आमची प्रपत्रे पाहिली, आणि चष्मा काढला. इतका वेळ त्या हिंदीत बोलत होत्या. आता मराठीत बोलल्या.

"तू नेमकं केलं काय, प्रांजली?"

"सगळं मीच लिहिलं, मॅडम. चारही अक्षरं माझीच हायेत."

मॅडम चिडल्या नाहीत. नियम ज्यांना पाठ असतात त्यांना चिडावे लागत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "एकटीनं लिहिलं असशील तर सहकार्य झालंच नाही. मग चौघंही नापास, तू धरून. अन् दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलं असशील तर ती फसवणूक, तिची चौकशी वेगळी. नसशील लिहिलं, तर तुझी पानं सहा. काय मांडू मी?"

प्रांजलीने आमच्याकडे पाहिले. ती रडत वगैरे नव्हती. आमच्यापैकी कोणी तोंड उघडते का, एवढेच पाहत होती. खरे सांगतो, मला फार वाईट वाटले. उठून बोलावे असेही वाटले. पण गटाच्या वतीने बोलण्याचा अधिकार नेत्याचा असतो, आणि मी शिस्त मोडणारा माणूस नाही. मी अभिनवकडे पाहिले.

"मॅडम, आमच्यात असं तुझं-माझं नाही," अभिनव म्हणाला. "सगळ्यायनं मिळून केलं."

मॅडमना हे उत्तर फार आवडले. आम्हा तिघांना पंचवीसपैकी तेवीस गुण मिळाले. प्रांजलीला सात. बाकीच्या सगळ्या विषयांत ती वर्गात दुसरी आली होती, पण सहकार्यात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागते, हे मी सुरुवातीलाच सांगितले आहे.

जुलै आला आणि उतईच्या शाळेतली ती जागा मोकळीच राहिली. मुलांचे नुकसान नको, म्हणून मी अर्ज केला. मुलाखतीत प्राचार्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि आम्हाला असाच मिळून मिसळून काम करणारा माणूस हवा होता, असे म्हणाले. जागेचा पत्ता मला कसा लागला, ते त्यांनी विचारले नाही.

मध्यंतरी भिलाई-३ च्या फलाटावर प्रांजली भेटली. तिला पुढच्या वर्षीच्या एका गटात घातले होते, आणि तिथेही उर्वरित काम तिच्याकडेच होते. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुले पोस्ट भेटली, ते झालं. पण पोरायले वाचाले शिकवून तरी राहिला ना तू?"

मी म्हटले, सध्या आमच्याकडे बैठका चालू आहेत. मला लाज वाटली, चांगलीच वाटली. गाडीत बसल्यावर पुढचे पॉवरहाउस स्टेशन येईपर्यंत ती टिकली.

शाळेत मी आता सहावीला गटप्रकल्प देतो. चौघाचौघांचे गट असतात आणि प्रत्येक गटात एक मुलगी सगळे करते. ती कोण, ते मला पहिल्या दिवशीच कळते. परवा पालक सभेत, पालक महोदय, आपण तक्रार केलीत, की गटातली ती मुलगी सगळे स्वतःच करते, आमच्या मुलाला संधीच देत नाही. मी तिला लेखी समज दिली आहे. आपल्या मुलाला पंचवीसपैकी तेवीस गुण मिळाले. आपण गुण पाहिलेत, सही केलीत आणि फाइल न उघडता परत पाठवलीत. त्या सहकार्याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.