सीझनपुरता परदेशी

निरोपाचं भाषण संपवून सेक्रेटरी काका जिना उतरले असतील नसतील, तोच मुलाचा फोन वाजला. फोन परदेशातून होता. समुद्रकाठच्या डायव्हिंग सेंटरची मालकीण अतिशय गोड आवाजात सांगत होती, की वादळात त्यांचा बोटी लागायचा धक्का वाहून गेला, बोटी उलट्या पडल्या, तेव्हा यंदाच्या सीझनचं काही खरं नाही. गरज लागलीच तर कळवू. मुलाने "येस मॅडम, थँक्यू मॅडम" म्हणून फोन ठेवला. थँक्यू नेमकं कशाबद्दल, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आई, नोकरी गेली," तो म्हणाला.

"हळू बोल!" आईने आधी खिडकी लावली, मग डोक्याला हात लावला.

"गेली म्हणजे? आलीच कुठे होती?" पेपरामागून वडील म्हणाले.

हा मुलगा म्हणजे इमारतीचा बुडबुडा. लहानपणी बादलीत तोंड घालून बुडबुडे काढत बसायचा, म्हणून पडलेलं नाव. मोठा झाला, स्कूबा डायव्हिंग शिकला आणि इन्स्ट्रक्टरची परीक्षाही पास झाला. म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून लोकांना पाण्याखाली न्यायचं आणि मुख्य म्हणजे परत वर आणायचं, याचा परवाना त्याला मिळाला. परवाना घेऊन तो गावातल्या जलतरण तलावाच्या मॅनेजरकडे गेला होता. मॅनेजरने परवान्याकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघितलं. "तू इथलाच ना? मग तुझ्याकडे कोण शिकणार? रोज दळण आणताना दिसतोस लोकांना."

तेव्हा बुडबुड्याने जगातल्या दिसेल त्या किनाऱ्यावर अर्ज पाठवले. एका ठिकाणाहून सीझनपुरतं बोलावणं आलं आणि इमारतीचा नूरच पालटला. कालपर्यंत "बुडायला शिकवण्याचेही पैसे मिळतात का रे?" असं विचारणारे सेक्रेटरी काका आज भाषणात "आपल्या इमारतीचा हिरा" म्हणाले होते. वर्गणी काढून चाकांची बॅग दिली होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी उन्हाची टोपी दिली होती, तीही न वापरलेली.

"खरं सांगून टाकू," मुलगा म्हणाला. "वादळ काय मी आणलं?"

"सांग की. मग जिन्यात तोंड मी दाखवायचं का?" आई म्हणाली. "त्या सेक्रेटरींना मी स्वतः म्हणाले, तुमच्या भाच्याला अजून कुठून बोलावणं नाही वाटतं?"

मग खरं सांगणं रद्द झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे टॅक्सी आली. बुडबुड्याने सगळ्यांना हात केला, काकूंनी डोळे पुसले, टॅक्सी निघाली. बाजाराला वळसा घालून, सगळे आपापल्या कामाला गेल्यावर, तो मागच्या जिन्याने घरात आला आणि परदेशी राहू लागला.

परदेश म्हणजे आतली खोली. पडदे लावलेले. शिंक आली तर उशीत द्यायची. तो खोकला की वडील बाहेरच्या खोलीत त्याहून मोठ्याने खोकायचे, त्यामुळे चारच दिवसांत वडिलांना औषध सुचवायला अर्धी इमारत येऊन गेली. आई गॅलरीत उभी राहून फोनवर बोलायची, "तिकडे ऊन फार आहे का रे?" आणि आतून मुलगा पलंगावर पडल्या पडल्या कुजबुजायचा, "आई, पंख्याचं बटण दाबतेस का?"

घोटाळा झाला तो पोहण्याच्या चड्डीने. आईने सवयीने ती धुवून दोरीवर टाकली. निळी, बाजूला पिवळा पट्टा, अगदी तरुण चड्डी.

"ही कोणाची?" सेक्रेटरी काकांनी खालूनच विचारलं.

"माझी," वडील म्हणाले. गडबडीत दुसरं काय म्हणणार? "पोहायला जातोय हल्ली. खोकल्यासाठी."

"वा! मग मी पण येतो उद्यापासून. एकट्याने कंटाळा येत असेल."

अशा रीतीने, ज्यांनी उभ्या आयुष्यात गुडघ्यापेक्षा खोल पाणी पाहिलं नव्हतं, त्या वडिलांना रोज सकाळी तलावावर जावं लागलं. ते कठड्याला धरून थरथरत उभे राहायचे आणि सेक्रेटरी काका शेजारी उभे राहून पोहण्याचे फायदे सांगायचे. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर वडील मुलाला म्हणाले, "तुझ्यापायी मी भिजतोय आणि तू कोरडा? दुपारी तलाव रिकामा असतो. जा, हात-पाय तरी हलव. नाहीतर शिकलेलंही विसरशील."

मुलगा दुपारी गेला. कोणी ओळखू नये म्हणून त्याने परदेशासाठी बांधून ठेवलेला काळा रबरी डायव्हिंग सूट चढवला, डोक्याला टोपडं, डोळ्यांवर मास्क, तोंडात हवेची नळी. सिलिंडर बांधून तो तलावाच्या खोल टोकाला उतरला आणि बऱ्याच वेळाने वर आला, तर काठावर माणसं गोळा झाली होती.

"कोण हो हे?" कोणीतरी मॅनेजरला विचारलं.

मॅनेजरने एकवार पाण्याकडे पाहिलं, एकवार गर्दीकडे पाहिलं. मॅनेजर उगाच मॅनेजर झाला नव्हता. "परदेशी आहेत," तो म्हणाला. "खास सीझनसाठी बोलावलेत. नावं नोंदवायची तर लवकर नोंदवा."

संध्याकाळपर्यंत वर्ग भरला. कपडे बदलायच्या खोलीत मॅनेजरने बुडबुड्याला ओळखलं, चपलांवरूनच, पण तो जराही गांगरला नाही. "नोकरी पाहिजे होती ना? घे. फक्त मास्क काढायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही."

"मग शिकवू कसं?"

"खुणांनी. पाण्याखाली तरी कोण गप्पा मारतं? आणि काठावर मी आहेच की सांगायला."

पहिल्या दिवशी रांगेत सर्वांत पुढे सेक्रेटरी काका, त्यांच्या मागे वरच्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्या मागे अर्धी इमारत. सगळ्यांनीच आधी साहेबांबरोबर फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. बुडबुड्याने मास्क आणखी घट्ट केला, पण शिकवायला लागल्यावर तो सगळं विसरला. शिकवण्याची खरी आवड असलेल्या माणसाचं असंच होतं. खाली जाताना कानांना दडे बसतात, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, हे त्याने इतक्या सबुरीने करून दाखवलं की काकूंना ते पहिल्या फटक्यात जमलं. काका घाबरले, तर त्याने त्यांचा हात धरून त्यांना आधी नुसतं उथळ पाण्यात बसवलं आणि शांतपणे श्वास घेऊन दाखवला. काका निवले.

"परदेशी लोकांना संयम फार," काका बाहेर येऊन वडिलांना म्हणाले. "तुमच्या बुडबुड्याने शिकायला पाहिजे यांच्याकडून."

"सांगतो त्याला," वडील म्हणाले.

मग खोल पाण्यात जायचा दिवस आला. सर्वांत महत्त्वाचा नियम सांगायचा होता: वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही. खाली पाण्याच्या दाबाने हवा आकसलेली असते. वर येऊ तशी ती पसरते, आणि तिला बाहेर जायला वाट दिली नाही तर छातीलाच इजा होते. तोंड बांधलेल्या फुग्यातली हवा पसरतच राहिली तर काय होईल? तेच. हे सगळं खुणांनी सांगायचं म्हणून बुडबुड्याने गाल फुगवले, छातीवर हात ठेवला, हात हळूहळू पसरले आणि शेवटी जोरजोराने मान हलवून नकार दिला. फक्त तो नकार देईपर्यंत मॅनेजर थांबला नाही.

"साहेब म्हणतायत," मॅनेजरने खणखणीत आवाजात सांगितलं, "वर येताना गाल फुगवून श्वास गच्च धरा. फुग्यासारखे वर याल!"

बुडबुडा हातवारे करत राहिला. "हो हो, साहेब, समजलं," असं म्हणून मॅनेजरने सर्वांत आधी काकांना पाण्यात सोडलं.

तळाशी काकांच्या मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं. काका बिथरले. त्यांनी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे गाल फुगवले, श्वास गच्च धरला आणि पाय झाडत वर सुटले. बुडबुड्याने झेप घेऊन त्यांचं सिलिंडर बांधलेलं जाकीट पकडलं, त्यांना खाली ओढून धरलं, पोटावर तळहात दाबला. काकांच्या तोंडून बुडबुड्यांचा लोट निघाला, तेव्हा कुठे त्याने त्यांना सावकाश वर आणलं. वर येताच त्याने मास्क काढून फेकला, टोपडं ओढून काढलं आणि ओरडला,

"काका, श्वास का धरलात? छाती फुटली असती ना! कितीदा सांगायचं, श्वास धरायचा नाही!"

काठावरच्या वडिलांनी टॉवेलात तोंड लपवलं. बुडबुडा उघड्या तोंडाने, उघड्या चेहऱ्याने पाण्यात तरंगत होता, आणि सगळी इमारत त्याच्याकडे बघत होती.

काका खोकले. त्यांनी बुडबुड्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग त्यांना बहुधा मेव्हण्याला पाठवलेला साहेबांबरोबरचा फोटो आठवला.

"बघा!" ते धापा टाकत म्हणाले. "परका माणूस, पण किती पटकन शिकला आपली भाषा!"

प्रत्येकाने कोणाला ना कोणाला फोटो पाठवला होताच.

"बोलतात पण अगदी घरच्यासारखं," काकू म्हणाल्या. "नाहीतर आपली मुलं."

त्याच संध्याकाळी परदेशातून फोन आला. धक्का दुरुस्त झाला होता, पर्यटक आले होते आणि एक इन्स्ट्रक्टर भांडून निघून गेला होता. आठवड्याभरात येशील का? मुलगा आनंदाने स्वयंपाकघरात धावला.

"आई, खरंच बोलावलंय!"

आईचा चेहरा फुलला आणि तसाच पडला. "पण तू जाणार कसा? तू तर तिथेच आहेस ना."

तेवढ्यात बेल वाजली. आईने मुलाला आत ढकललं, पण सेक्रेटरी काका दारातूनच म्हणाले, "राहू द्या वहिनी. साहेब तुमच्याकडे उतरलेत हे कळलं मला. पाहुण्याची सोय केलीत, चांगलं केलंत."

मुलगा बाहेर आला. "काका, मी काय म्हणतो, मी आपला—"

"साहेब, तुम्ही बोलू नका," काका घाईने म्हणाले. "तुमची भाषा अजून कच्ची आहे."

"मी पुढच्या आठवड्यात निघतोय."

काकांनी विचार केला. "म्हणजे साहेब मायदेशी परत चालले. बरोबर आहे, सीझन संपला की जाणारच माणूस."

"आणि आमचा मुलगा?" आईने घाबरत विचारलं.

"तो कुठे जातोय वहिनी? तो आहे तिथेच आहे."

निघायच्या दिवशी अख्खा वर्ग टॅक्सीपाशी जमला. मॅनेजर सुतकी चेहऱ्याने उभा होता. काकूंनी साहेबांशी हात मिळवला. वडिलांनीही मिळवला, जरा जास्तच वेळ. सगळ्यात शेवटी आई पुढे आली. तिला पोराला जवळ घ्यायचं होतं, कानाला मफलर बांध म्हणायचं होतं, पोचल्यावर फोन कर म्हणायचं होतं. पण सगळे बघत होते.

"तिकडे आमचा मुलगा आहे," ती म्हणाली. "वेळेवर जेवत नाही. जरा लक्ष ठेवाल त्याच्याकडे?"

"ठेवीन, काकू," बुडबुडा म्हणाला.

त्या 'काकू'ने मात्र आईचा बांध फुटला. ती तिथेच, टॅक्सीच्या दाराला धरून हमसून हमसून रडू लागली. इमारतीतले लोक हळहळले आणि त्यांना कौतुकही वाटलं. परक्या माणसासाठी एवढं रडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.