मोहाखालचं लंगडं अस्वल

आंबागडच्या मधुकररावांना मोहफुलांच्या ऐन हंगामात जंगलबंदी झाली, आणि तीही म्हणे जंगलाच्याच भल्यासाठी. डोंगराखालचा पट्टा एका लाकूड कंपनीकडे कराराने होता. त्या कंपनीने आता एका पर्यावरण संस्थेशी हातमिळवणी केली होती. झाडांना कॅमेरे बांधायचे. जंगली जनावर दिसलं तर पट्ट्याला कुऱ्हाड लागणार नाही, नाही दिसलं तर तोड सुरू. तोवर आत कुणी पाऊल टाकायचं नाही. मधुकररावांच्या आजोबांपासून घरचा म्हणून वेचलेला मोह त्याच पट्ट्यात होता, आणि एक कॅमेरा नेमका त्याच्यासमोर बसला होता.

मोह काही करार वाचून फुलं गाळत नाही. रोज पहाटे फुलांचा सडा पडणार आणि आपण घरी हात चोळत बसणार, हे मधुकररावांच्या जिवाला लागलं. शेवटी त्यांनी अक्कल चालवली. काळी घोंगडी डोक्यावरून पांघरली आणि कॅमेऱ्याला माणूस दिसू नये म्हणून चक्क चार पायांवर रांगत फुलं वेचली. डावा गुडघा आधीच दुखरा, तो आणखी सुजला. त्याला तेल चोळता चोळता त्यांची बायको कलाबाई जे बोलायच्या, ते निराळंच.

काही दिवसांनी संस्थेची दामिनी धावतच दारात आली. कॅमेऱ्यात अस्वल आलं होतं. आनंदाने पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं. मधुकररावांनी फोनवरचा धूसर फोटो पाहिला, स्वतःची पाठ ओळखली आणि तोंड मिटलं. बोलावं तर जंगल जातं. जाणतं माणूस म्हणून तिने त्यांचं मत विचारलं, तेव्हा त्यांनी खाकरून सांगितलं, "अस्वलच होय. जरा वयस्क दिसते."

गोष्ट इथेच थांबती तर बरं होतं. पण हे अस्वल मागच्या डाव्या पायाने लंगडतं, हे दामिनीच्या बारीक नजरेने टिपलं. संस्थेला कळवळा आला आणि कंपनीला प्रसिद्धीचा उत्साह. ग्रामपंचायतीत सभा भरली, भिंतीवर फोटो झळकले, आणि कंपनीच्या साहेबांनी टाळ्यांच्या कडकडाटात जाहीर केलं की नागपूरहून डॉक्टर येतायत. पट्ट्यात दबा धरून बसतील, बंदुकीने बेशुद्धीची सुई मारतील आणि बिचाऱ्याचा पाय बरा करतील. कलाबाईंनी पदर तोंडाला लावला. घोंगडी त्यांनी केव्हाच ओळखली होती.

"अजी, घेता का आता सुई?" त्या पुटपुटल्या.

सुईपेक्षा मधुकररावांना दामिनीचा चेहरा जास्त टोचत होता. त्या लंगड्या जिवाबद्दल ती किती मनापासून बोलत होती! त्यांना राहवेना. ते उठून उभे राहिले.

"साहेब, डाक्टर नका बलावू. ते अस्वल मी होय. फुलं वेचाले गेलतो."

सभा छप्पर उडेल अशी हसली. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणजे पट्ट्यात जनावर नाहीच, असं कोरडेपणाने म्हणून ते निघायला लागले. मधुकररावांना उमगलं, खरं बोलून आपणच आपल्या मोहावर कुऱ्हाड घातली.

दामिनी जागची हलली नव्हती. तिने पुढचा फोटो भिंतीवर लावला. "आम्ही याला अस्वलांची जोडी समजत होतो," ती म्हणाली. "काका, हे तुम्ही. मग हे कोण?"

मोहाखाली दोन काळ्या पाठी होत्या. एक घोंगडीची. दुसरी हातभर अंतरावर, तिच्या दुप्पट रुंद, केसाळ, मान खाली घालून फुलं खाण्यात गर्क.

हसू जिथल्या तिथे विरलं. साहेब परत खुर्चीत बसले. मधुकररावांचे हात आपोआप जोडले गेले. एवढं मोठं रान, त्यातला एवढा मोठा जीव, आणि त्याने आपल्याला आपल्या पंगतीला बसू दिलं, हे त्यांच्या मनात मावत नव्हतं.

"मले वाटलं, घरची आली मांगून," ते हळूच म्हणाले. "मी न पाह्यताच दटावलं. म्हटलं, सरक तिकडं, या बाजूची फुलं माही हायेत."

"मग?" दामिनीने श्वास रोखून विचारलं.

"सरकलं," मधुकरराव म्हणाले. "तवाच समजाले पायजे होतं."