डबा रिकामा, प्रकृती ठणठणीत

माणसाचं शरीर देवाने दिलेलं असलं, तरी कार्यालयीन वेळेत ते कार्यालयाचं असतं. तेव्हा त्याची काळजी कार्यालयानेच घ्यावी, हे ओघाने आलं. आमचं कार्यालय पाण्याची जुनी मीटरं दुरुस्त करतं. आतून गंजलेल्या वस्तू बाहेरून चालू ठेवण्याचा आम्हाला दांडगा अनुभव. तरीही कर्मचाऱ्यांच्या आतड्यांकडे आजवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. ते मोठ्या साहेबांचं गेलं आणि आरोग्य समिती स्थापन झाली. मी तिचा सचिव. (मानधन नाही, पण खुर्चीला हात आहेत.)

समितीने पहिल्याच बैठकीत दुपारचा चहा बंद केला आणि त्याऐवजी प्रत्येकाला रोज एक डबा ग्रीक योगर्ट सुरू केलं. ग्रीक योगर्ट म्हणजे काय, असं रोखपालाने विचारलं. फडक्यात बांधून खुंटीला टांगलं तर ते दही आणि निविदा मागवून टांगलं तर ग्रीक योगर्ट, असा खुलासा करण्यात आला. (निविदा एकच आली, साहेबांच्या मेहुण्यांची. त्यात काही वावगं आहे का, याची चौकशी साहेबांनी जातीने केली आणि स्वतःला निर्दोष सोडलं.) साहेबांना मात्र डॉक्टरांनी चहाच सांगितलेला आहे.

योगर्टचे फायदे थोर आहेत. प्रथिनं भरपूर मिळतात, हाडं बळकट होतात, पोटातले जिवाणू खूश राहतात, भूक शांत होते आणि प्रतिकारशक्ती वाढते. हे सगळं झाकणावरच छापलेलं असल्यामुळे वेगळा पुरावा मागायची गरज पडली नाही. पुढचा हिशेब सरळ होता. प्रतिकारशक्ती वाढली म्हणजे आजार होणार नाही. आजारच नाही, तर आजारपणाची रजा हवी कशाला? ती रद्द झाली. प्रथमोपचाराच्या खोलीतली खाट हलवून तिथे फ्रिज ठेवला. एवढं करूनही कुणी आजारी पडलाच, तर त्याने योगर्ट खाल्लं नाही हे उघड होतं, आणि न खाणं हा शिस्तभंग. चार वाजता शिपाई सचिव सोडून बाकी सगळ्यांचे रिकामे डबे गोळा करू लागला. 'डबा रिकामा, प्रकृती ठणठणीत' हे ब्रीदवाक्य भिंतीवर लागलं.

आता दैनंदिन उपयोगांकडे वळू. हे उपयोग कुठल्या प्रयोगशाळेत सापडलेले नाहीत. आमच्या कर्मचाऱ्यांनी ते पहिल्याच आठवड्यात स्वयंस्फूर्तीने शोधून काढले. टंकलेखिकाबाई बाथरूममध्ये जाऊन ते चेहऱ्याला लावतात, उरलेलं टाचांना. रोखपाल जिन्यातल्या मांजराला घालतो. (पूर्वी ते मांजर जिना चढत असे, आता ते जिन्यातच बसून असतं.) हिशेबनीस ते खिडकीतल्या कुंडीत ओततात. झाड वाळलं, पण माती सकस झाल्याचं ते सांगतात. सुताराने कपाटामागची भिंतीतली भेग बुजवली. भेग आता दिसत नाही, फक्त तिचा वास येतो. आणि भांडारपालकाका योगर्टने भांडारातली जुनी पितळी मीटरं घासतात. दह्याने पितळ उजळतं हे घरोघरी ठाऊक आहे, पण घट्ट योगर्टाने ती मीटरं अशी लखलखली, की साहेबांनी पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवली.

या सर्व उपयोगांची मी एक पुस्तिका काढली. तीत 'खाणे' हा उपयोग नजरचुकीने राहून गेला. ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. वर्षअखेरच्या पाहणीत अठ्ठ्याण्णव टक्के कर्मचाऱ्यांची प्रकृती सुधारलेली आढळली. (उरलेले दोन टक्के म्हणजे मांजर. त्याची आधीपासूनच बरी होती.)

असं सगळं सुरळीत चालू असताना भांडारपालकाकांच्या पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया लगेच करा, नाहीतर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. काकांनी आठ दिवसांची रजा मागितली. खासगी नोकरीतला माणूस, जीव आणि नोकरी दोन्ही एकदम वाचवू पाहत होता. समितीची खास बैठक चारच्या सुमाराला बोलावली. सगळे हजर होते आणि प्रत्येकापुढे त्याचा त्याचा डबा होता.

"तुमचा डबा रोज रिकामा येतो ना?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

"येतो साहेब."

"मग खडे आले कुठून?"

काका कपाटाला टेकून उभे होते. कळ आली की डोळे मिटून घेत. म्हणाले, "साहेब, खोटं कशाला बोलू? मी खात नाही. लहानपणापासून दुधातुपाचं काही पोटात गेलं की अंगभर पुरळ उठतं. मी त्याने मीटरं घासतो."

मी ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

"आणि मी काय एकटा आहे का? विचारा यांना! रोखपालभाऊ, तुमचं मांजर खातं ना? ताई, तुम्ही तोंडाला लावता, मला तुम्हीच सांगितलंत. अहो, बोला की कुणीतरी! माझ्या जिवाशी खेळ चाललाय."

रोखपालाने छताकडे पाहिलं. टंकलेखिकाबाईंचे डोळे भरून आले, ओठ हलल्यासारखे वाटले. मग त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि एक चमचा तोंडात घातला. पाठोपाठ रोखपालाने, मग हिशेबनिसांनी, मग सुताराने. इतक्या महिन्यांत प्रथमच कार्यालयात चमच्यांचा आवाज आला. मीही खाल्लं. सचिवानेच मागे राहून कसं चालेल? चव खरं तर वाईट नव्हती.

साहेब सगळ्यांकडे समाधानाने बघत होते. काका कुणाकडेच बघत नव्हते.

योगर्टचा अपव्यय केल्याबद्दल काकांना कामावरून काढण्यात आलं. (लखलखीत मीटरं मात्र वार्षिक अहवालात योजनेचं यश म्हणून नोंदली आहेत.) शस्त्रक्रिया झाली, पण पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत उशीर झाल्याने दुखणं लांबलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून माझ्याकडे साठलेले चार डबे घेऊन गेलो. काकूंनी ते निमूटपणे खिडकीत ठेवले आणि मला खुर्ची दिली.

काकांनी काकूंना पाणी आणायला बाहेर पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांना खाताना पाहिलं आणि वाटलं, माझंच डोकं फिरलंय की काय. आता इथे कुणी नाही. खरं सांगा, तुम्ही रोज खाता?"

"रोज," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली.

वाचकहो, तुम्ही तिथे असतात तर ताडकन उठून खरं बोलला असतात, याबद्दल समितीला तिळमात्र शंका नाही. आमच्याकडेही सगळे आता तसंच म्हणतात. असो. भांडारपालाची जागा अजून रिकामी आहे. तुमच्या ऑफिसातल्या मागच्या बैठकीत कुणीतरी एकटाच खरं बोलत होता आणि तुम्ही मान खाली घालून समोरचे कागद नीट लावत होतात, असं आमच्या कानावर आलं आहे. तेवढा अनुभव पुरेसा आहे. मुलाखत होणार नाही. येताना चमचा घरचा आणा.