बाबांच्या पितराला आलेलं जहाज

यंदा आमगावात सगळ्यात चोख पितर आमच्याकडे होणार, हे मी आठवडाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं. बाबांचं पहिलंच पितर. वडे, खीर, पुऱ्या, पळसाची पत्रावळ, सगळं ठरलेलं. कावळेसुद्धा रोज भिंतीवर हजर. चुकायला जागाच नव्हती.

बाबांचा जन्म दरेकसा स्टेशनावर गाड्यांना झेंडी दाखवण्यात गेला. रिटायर झाल्यावर त्यांना टीव्हीवर एक बंदर सापडलं. उत्तरेच्या समुद्रातलं कुठलंसं बेट. तिथल्या धक्क्यावर कॅमेरा, चोवीस तास चालू. आपल्याकडे पितर लागले तरी तिथे प्रवाशांची जहाजं येतच असतात. एवढंसं बंदर आणि त्यात ते मजल्यांवर मजले चढवलेलं जहाज, म्हणजे गाईच्या खुंट्याला हत्ती बांधावा तसं! बाबा मात्र त्याला गाडीच म्हणत. "दुपारची गाडी लेट आहे," असं सांगत, आणि ती सुटली की खुर्चीतूनच हिरवी झेंडी दाखवत. खरा समुद्र त्यांनी कधी पाहिला नाही.

पितराच्या दिवशी माय म्हणाली, "पान वाढाल अन् त्याइची गाडी नाही लावाल, तर ते येतीन कायले?"

मुद्दा बिनतोड होता. माझ्या धाकट्या भावाने, लोकेंद्रने, टीव्ही अंगणात आणला आणि त्याला गणपतीतला परत द्यायचा राहिलेला स्पीकर जोडला. मी पान मांडलं. कावळे जमले. एक तर खिरीपर्यंत आला. तेवढ्यात बंदरात जहाज शिरलं आणि त्याने भोंगा दिला. कावळे असे उडाले, की थेट छत्तीसगडात उतरले असावेत.

आता कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. केशोरावकाका, बाबांचे धाकटे भाऊ, वड्यांसाठी सकाळपासून पोट रिकामं ठेवून बसले होते.

"लोक्या, छतावर जाऊन काव काव कर," ते म्हणाले.

लोकेंद्र इतक्या जिवाच्या आकांताने ओरडला, की शेजारचे दुलीचंद धावत आले. "काऊन जी, पोराले विंचू चावला का?"

"कावळे बोलावून राहिला," काका म्हणाले.

"मले वाटलं, हाकलून राहिला."

खीर गार झाली. वडे मऊ पडले. माय पानासमोरून हलेना.

"रागावले वाटते," ती हळूच म्हणाली. "आज उपाशी गेले तर, नीतू?"

 मी पानावरची खीर बदलून गरम वाढली.

तेवढ्यात टीव्हीवर फडफड झाली. धक्क्याच्या कठड्यावर एक पांढरा, जाडजूड समुद्रपक्षी येऊन बसला आणि मान तिरपी करून सरळ आमच्याकडे पाहू लागला. बाबा चष्म्यावरून पाहायचे, अगदी तसा.

"वयनी," काका उठून उभे राहिले, "दादा आला."

"पांढरा कावळा?" दुलीचंद म्हणाले.

"पाण्यात राहून राहून धुतला असन."

"पण शिवला कुठं? पान तर इथं आहे," माय म्हणाली.

बरोबर होतं. काका पुन्हा बसले. आणि मग जहाजातून उतरलेला एक टोपीवाला हातात पाव घेऊन कठड्याजवळ आला. पक्ष्याने झेप घातली, पाव उचलला आणि तिथेच बसून खाल्ला. टोपीवाला बघतच राहिला.

"शिवला!" अख्खं अंगण ओरडलं.

माय मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "पाय ना यायले! सकाळपासून मी चुलीसमोर बसून राहिली, अन् यायनं बाहेरचंच खाल्लं. दरेकश्यालेबी असंच. डबा तसाच परत आणायचे, स्टेशनवरचे समोसे खाऊन!"

आणि ती हसू लागली. कित्येक महिन्यांनी हसली. डोळ्यांना पदर लावत आत गेली आणि हिरवी झेंडी घेऊन आली. टीव्हीसमोर उभी राहून तिने ती दाखवली. जहाज सुटलं नाही; त्याची वेळ संध्याकाळची होती. पण आम्ही जेवायला बसलो.

काकांचा पाचवा वडा चालू असताना एक कावळा आला. टीव्हीवर बसला, उतरला आणि पानावरची खीर निवांत खाऊ लागला.

"अन् हे कोण मग?" मायने घाबरून विचारलं.

काकांनी ताटातून मान वर केली नाही. "आमचे बाबूजी असतीन, तुमचे सासरे. त्याइले जहाजाचं काही वेड नाही."

मायने चटकन डोक्यावर पदर घेतला.